खेळाची निंदा आणि खेळाडूची निष्ठा : ‘क्लिकर हिरोज’वरील अभिप्रायांच्या भाषेचा विचार

प्रश्नाचे स्वरूप

संगणकावरील खेळांची विक्री करणाऱ्या ‘स्टीम’ या मंचावर प्रत्येक खेळाखाली खेळाडूंचे अभिप्राय प्रसिद्ध होतात. अभिप्राय देणाऱ्यापुढे दोनच पर्याय असतात : खेळाची शिफारस करावयाची किंवा करावयाची नाही. त्याने तो खेळ किती तास खेळला याची नोंद यंत्र आपण होऊन अभिप्रायाशेजारी मांडते. बहुतेक खेळांच्या बाबतीत या दोन गोष्टींचा मेळ बसतो. ज्याला खेळ आवडला नाही त्याचे तास थोडे असतात. ज्याला आवडला त्याचे अधिक. परंतु ज्यांना ‘क्लिकर’ किंवा ‘आयडल’ खेळ म्हणतात त्यांच्या बाबतीत हा मेळ विस्कटतो. शेकडो, क्वचित हजारो तासांची नोंद शेजारी असताना खेळाडू लिहितो की हा वेळेचा अपव्यय आहे, हा मुळी खेळच नव्हे, कोणी याच्या वाटेस जाऊ नये. दुसरा खेळाडू जवळजवळ हेच शब्द लिहितो आणि खेळाची शिफारस करतो.

या विसंगतीचा उलगडा सामान्यतः दोन प्रकारांनी केला जातो. एका मताप्रमाणे शब्द खोटे आणि तास खरे : माणूस तोंडाने काहीही म्हणो, ज्याअर्थी तो खेळत राहिला त्याअर्थी त्याला खेळ आवडला. दुसऱ्या मताप्रमाणे शब्द खरे आणि तास हे व्यसनाचे लक्षण : खेळाडूला सुटावयाचे आहे, पण सुटता येत नाही. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसली तरी एका समान गृहीतकावर उभी आहेत. निंदेच्या वाक्याचा अर्थ निंदाच असतो आणि तासांची नोंद म्हणजे खेळलेला वेळच असतो, हे ते गृहीतक होय. त्याची परीक्षा केल्याशिवाय या खेळांना मिळालेल्या प्रतिसादाचा अर्थ लागणार नाही. प्रश्न केवळ भाषिक कुतूहलाचा नाही. खेळाडूंकडून पैसे कोणत्या रीतीने घ्यावेत याचा निर्णयही या अर्थनिश्चयावर अवलंबून असतो, हे पुढे दिसून येईल. या विवेचनासाठी ‘क्लिकर हिरोज’ हा अद्भुतरम्य वातावरणाचा खेळ उदाहरण म्हणून घेतला आहे.

खेळाची घडण

‘क्लिकर हिरोज’ हा खेळ अमेरिकेतील ‘प्लेसॉरस’ या छोट्या संस्थेने २०१४ मध्ये ब्राउझरमध्ये खेळण्यासाठी प्रसिद्ध केला. मे २०१५ मध्ये तो स्टीमवर आला. खेळ फुकट आहे; मात्र त्यातील ‘रुबी’, म्हणजे माणके, खऱ्या पैशांनीही विकत घेता येतात. पडद्याच्या उजव्या बाजूस एक राक्षस उभा असतो. त्याच्यावर क्लिक केले की त्याला घाव बसतो आणि तो मेला की सोने पडते. त्या सोन्यातून डाव्या बाजूच्या यादीतील वीर कामास ठेवावयाचे. हे वीर आपोआप, दर सेकंदाला, राक्षसावर घाव घालीत राहतात. प्रारंभी दहा राक्षस मारले की पुढचा टप्पा खुला होतो. दर पाचव्या टप्प्यावर एक म्होरक्या असतो. त्याला तीस सेकंदांच्या आत मारावे लागते. खेळाडू निघून गेला तरी वीरांची कमाई थांबत नाही; परत आल्यावर साचलेले सोने त्याच्या हाती पडते.

या साध्या रचनेचा कणा चक्रवाढीचा आहे. बहुतेक वीरांची किंमत प्रत्येक पातळीगणिक ७ टक्क्यांनी वाढते. वाढ किरकोळ वाटते, परंतु सुमारे दहा पातळ्यांत किंमत दुप्पट होते, शंभर पातळ्यांत सुमारे ८६८ पट होते, आणि हजार पातळ्यांत १ वर २९ शून्ये दिल्यास होणाऱ्या संख्येच्याही पलीकडे जाते. बुद्धिबळाच्या पटावर घराघराला दुप्पट धान्य मागणाऱ्या चतुर पुरुषाची कथा येथे कोणालाही आठवेल. राक्षसांची सहनशक्तीही अशीच गुणाकाराने वाढत असल्यामुळे प्रत्येक खेळाडू केव्हा ना केव्हा एका टप्प्याशी अडतो. तेथे खेळ त्याला ‘असेन्शन’चा, म्हणजे आरोहणाचा, मार्ग दाखवितो. जमविलेले सोने आणि वीर सोडून पहिल्या टप्प्यापासून आरंभ करावयाचा. मोबदल्यात ‘हिरो सोल’, म्हणजे वीरात्मे, मिळतात आणि त्यांच्या बळावर पुढील फेरी अधिक वेगाने होते.

बाहेरून पाहणाऱ्याला जे सर्वस्व गमावणे वाटते ते आतल्या माणसाला फलप्राप्ती वाटते. या उलटापालटीत नावांचा वाटा मोठा आहे. शून्यापासून आरंभ करण्याच्या क्रियेला आध्यात्मिक क्षेत्रातील शब्द दिला आहे. वीरात्मे खर्चून मिळवावयाच्या गुणकांना ‘एन्शंट’, म्हणजे पुरातन दैवते, असे नाव आहे. त्यांपैकी सियालटास ही सोडून देण्याची देवता. खेळाडू क्लिक करावयाचे थांबला म्हणजे तिचा प्रसाद फळतो. मॅमन हा लोभाचा देव. तो पडणाऱ्या सोन्याचे प्रमाण वाढवितो. गणिताच्या दृष्टीने ही सर्व दैवते म्हणजे निरनिराळ्या ठिकाणी लागू होणारे गुणाकार आहेत. पण ज्या खेळात सोने साठविण्याखेरीज दुसरे फारसे काही नाही, तेथे लोभाचा देव प्रसन्न करून घ्यावयास सांगणे ही रचनाकारांनी स्वतःच्या कृतीवर केलेली टिप्पणीही आहे. अद्भुताचा वेष येथे गणित झाकतो आणि त्याच वेळी त्याची थट्टाही करतो.

संख्यांच्या नावांतही असेच घडते. ‘लीलावती’तील स्थानांच्या यादीत शेवटचे नाव परार्ध हे आहे, त्याची किंमत १ वर १७ शून्ये. ‘क्लिकर हिरोज’चा खेळाडू परार्ध फार लवकर ओलांडतो. त्यानंतर संख्येला नाव उरत नाही. आद्याक्षरांचे संक्षेप येतात आणि अखेरीस दहाचा कितवा घात एवढेच लिहिले जाते. त्यामुळे अनुभवी खेळाडू संख्या वाचीत नाही, तो घातांक वाचतो. हे वाचन ज्याला येत नाही त्याच्या दृष्टीने पडद्यावर फक्त आकड्यांचा गोंधळ असतो. आतला आणि बाहेरचा असे वाचकांचे दोन वर्ग येथेच पडतात. अभिप्रायांची भाषा समजण्यासाठी ही विभागणी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

उपहासातून आलेली परंपरा

या खेळांची निंदा बाहेरच्या टीकाकारांनी प्रथम केली असे नाही. निंदा या परंपरेच्या मुळाशीच आहे. एरिक फ्रेडरिकसन याने २००२ मध्ये रचलेला ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ हा त्या काळच्या लोकप्रिय भूमिकाप्रधान खेळांचे विडंबन होता. त्यात पात्राची जात आणि वर्ग निवडला की खेळाडूचे काम संपते. पुढे पात्र स्वतःच लढते, लूट विकते आणि बलवान होते, आणि खेळाडू सरकणाऱ्या पट्ट्या पाहत बसतो. इयन बोगोस्ट या अभ्यासकाने २०१० मध्ये फेसबुकवर ‘काउ क्लिकर’ आणला. फेसबुकवरील ‘फार्मव्हिल’सारखे खेळ माणसाकडून अर्थशून्य क्रिया करवून घेतात, हे दाखविणे हा त्याचा हेतू. त्यात सहा तासांतून एकदा एका गाईवर क्लिक करावयाचे, एवढेच होते. उपहास म्हणून केलेला हा खेळ भरभराटीच्या काळात ५०,००० हून अधिक लोक खेळले. सप्टेंबर २०११ मध्ये रचनाकाराने सर्व गाई नाहीशा केल्या, तरी रिकाम्या जागेवर क्लिक करणारे काही खेळाडू उरलेच. त्यानंतर ऑगस्ट २०१३ मध्ये ज्युलियाँ तिएनो या फ्रेंच प्रोग्रामरचा ‘कुकी क्लिकर’ आला आणि या जातीच्या खेळांना व्यापक लोकप्रियता मिळाली.

या वंशावळीवरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘क्लिकर हिरोज’ २०१४ मध्ये आला तेव्हा ‘हा खेळच नव्हे’ हे वाक्य नवे नव्हते. ते या जातीच्या खेळांबरोबर वारशाने आले होते. ते उच्चारणारा खेळाडू स्वतंत्र निर्णय देत असेलच असे नाही. तो प्रचलित वाक्य पुन्हा म्हणत असण्याचा संभव अधिक.

व्याजस्तुती आणि प्रतिध्वनी

संस्कृत साहित्यशास्त्राने अशा उक्तीला फार पूर्वी नाव दिले आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त व्याजस्तुतीचे जे लक्षण केले आहे त्याचा आशय असा, की आरंभी निंदा किंवा स्तुती भासावी आणि पर्यवसान त्याच्या उलट व्हावे. मराठी घरांतील बोलण्यात हा अलंकार नित्याचा आहे. नातवाने एखादी युक्ती केली की आजी कौतुकाने ‘काय लबाड आहे मेला’ असे म्हणते. तेथे ‘लबाड’ आणि ‘मेला’ यांचा वाच्यार्थ धरणारा माणूस भाषा जाणत असूनही बोलणे जाणत नाही, असेच म्हणावे लागेल.

नमुन्यादाखल रचलेले पुढील वाक्य पाहा : ‘या खेळाने माझी झोप घेतली, अभ्यास घेतला, दोन माउस मोडले, अवश्य खेळा.’ या घाटाचे अभिप्राय क्लिकर खेळांच्या संदर्भात सर्वपरिचित आहेत. पूर्वार्धातील हानीची यादी हीच उत्तरार्धातील शिफारशीची कारणे म्हणून मांडलेली असते. वाक्य व्याजस्तुतीचे आहे हे उघड आहे. मात्र अलंकाराचे नाव सांगितल्याने कारण सांगितले असे होत नाही. खेळाडू सरळ स्तुती का करीत नाही, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाला डॅन स्पर्बर आणि डीअर्ड्रे विल्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या उपपत्तीचा उपयोग होतो. त्यांच्या मते वक्रोक्तीचे वाक्य बोलणारा ते वाक्य स्वतःच्या नावाने उच्चारीत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी विचाराचा प्रतिध्वनी ऐकवितो आणि त्या विचाराविषयीची आपली वृत्ती दर्शवितो. हा दुसरा ‘कोणी’ निश्चित व्यक्ती असेलच असे नाही. तो लोकमताचा आवाजही असू शकतो. क्लिकर खेळाच्या खेळाडूने लिहिलेले ‘वेळेचा अपव्यय’ हे शब्द अशा रीतीने घरच्या वडीलधाऱ्यांचे, ‘खऱ्या’ खेळांच्या अभिमान्यांचे आणि विडंबनकारांचे आहेत. खेळाडू ते स्वतः आधी उच्चारतो आणि टीकाकाराच्या हातचे शस्त्र काढून घेतो. सरळ स्तुती केली असती तर तिचे समर्थन करण्याची जबाबदारी त्याच्यावर आली असती, आणि रांगेने उभ्या राहणाऱ्या राक्षसांवर क्लिक करीत राहण्याचे समर्थन करणे सोपे नाही. व्याजस्तुती त्याला त्या जबाबदारीतून मोकळे करते.

तासांची नोंद हे कसले प्रमाण?

अभिप्रायाशेजारील तासांची नोंद मात्र वक्रोक्ती जाणत नाही, ती निखळ वस्तुस्थिती होय, असे कोणी म्हणेल. येथेही सावध असले पाहिजे. यंत्र मोजते ते खेळ चालू असल्याचे तास. खेळाडूचे लक्ष खेळाकडे किती वेळ होते हे त्याला कळत नाही. ‘क्लिकर हिरोज’ रात्रभर चालू ठेवून माणूस झोपू शकतो, दिवसभर दुसऱ्या खिडकीत कचेरीचे काम करू शकतो. सियालटासच्या उपासकाने तर तसेच करावे अशी खेळाची अपेक्षा आहे. तेव्हा हजार तासांच्या नोंदीत प्रत्यक्ष खेळण्याचे तास किती, हे त्या नोंदीवरून सांगता येत नाही. सुलतान अलहार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या खेळांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच ‘थांबण्यासाठी खेळणे’ ही कल्पना आहे. प्रतीक्षा हा या खेळांत खेळाचाच एक भाग होतो.

आतल्या खेळाडूला हे ठाऊक असते. म्हणून तो हजार तासांचा दाखला देतो तेव्हा त्याला त्यातील अतिशयोक्ती दिसत असते आणि इतर खेळाडूंनाही दिसते. बाहेरचा वाचक तोच आकडा वाचून चकित होतो. एकाच आकड्याचे दोन वाचकवर्गांना दोन अर्थ लागतात, आणि विनोद या अंतरावर उभा राहतो. शब्द खोटे मानून तास खरे मानणारे मत येथे ढासळते, कारण खेळाडूने आकड्याचाही अलंकार म्हणून उपयोग केलेला असतो.

खेळाडूची आस्था खरोखर कोठे दिसते, तर त्याने केलेल्या कामात. आरोहण केव्हा करावे, कोणत्या दैवताला किती वीरात्मे वाहावेत, यासंबंधीची सूत्रे खेळाडूंनी स्वतः मांडली, परस्परांच्या सूत्रांतील चुका दाखविल्या आणि गणना करणारी साधने तयार करून इतरांना दिली. क्लिक करण्याचे काम तर काहींनी वेगळ्या प्रोग्रामवर सोपविले. ज्या क्रियेवरून खेळाला नाव मिळाले ती क्रियाच खेळाडूने यंत्राला देऊन टाकावी, आणि स्वतः हिशेबापाशी बसावे, यातून त्याला रस कशात आहे हे स्पष्ट होते. हे कार्य बहुतांशी गंभीर, निरलंकृत भाषेत चालते. एकच माणूस अभिप्रायात खेळाची टवाळी करतो आणि सूत्राच्या चर्चेत दशांश चिन्हाविषयी काटेकोर असतो. पहिल्या ठिकाणी त्याचा श्रोता बाहेरचा असतो, दुसऱ्या ठिकाणी आतला.

खरी निंदा

येथवरच्या विवेचनावरून प्रत्येक निंदा ही व्याजस्तुती होय असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. किंबहुना तो सर्वांत घातक निष्कर्ष होय. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबलनाच्या वेळापत्रकांवरील ग्रंथापासून मानसशास्त्राला एक गोष्ट परिचित आहे : बक्षीस कसे आणि केव्हा मिळते यावर क्रियेची पुनरावृत्ती पुष्कळशी अवलंबून असते. क्रिया वारंवार घडते एवढ्यावरून ती सुखाची आहे असे सिद्ध होत नाही. काही खेळाडू सुटू इच्छितात पण सुटत नाहीत, हे दुसरे मत त्यांच्यापुरते खरे आहे. अडचण अशी की त्यांच्या आणि थट्टा करणाऱ्याच्या वाक्यांचे शब्द सारखेच असतात. ज्या समूहात ‘या खेळाने माझे आयुष्य खाल्ले’ हे वाक्य स्तुती म्हणून रूढ झाले आहे, तेथे खरोखर पीडित माणसाने ते म्हटले तर लोक हसतात. रूढ झालेल्या व्याजस्तुतीची ही किंमत आहे : ती सरळ तक्रारीची भाषा हिरावून घेते.

तथापि दोहोंमध्ये भेद करण्याची काही भाषिक चिन्हे सांगता येतात. पहिले चिन्ह मोजमापाचे. थट्टेची निंदा तासांत, झोपेत, मोडलेल्या माउसमध्ये मोजते. खरी निंदा पुष्कळदा पैशात मोजते आणि रक्कम निश्चित सांगते. दुसरे चिन्ह क्रियापदाचे. थट्टा चालू वर्तमानकाळात राहते. खरी निंदा ‘थांबलो’, ‘काढून टाकला’ अशा संपलेल्या क्रियेकडे वळते. तिसरे चिन्ह श्रोत्याचे. थट्टा नव्या खेळाडूला आमंत्रण देते. खरी निंदा रचनाकाराला जाब विचारते किंवा स्वतःशी बोलते. यांपैकी एकही चिन्ह एकटे निर्णायक नाही. तिन्ही एकत्र आली तर मात्र वाच्यार्थ धरणे हेच न्याय्य होय.

एका निर्णयाचा अर्थ

हा भेद केवळ अभ्यासकांपुरता नाही, याचे उदाहरण ‘क्लिकर हिरोज’च्याच इतिहासात आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये प्लेसॉरसने जाहीर केले, की ‘क्लिकर हिरोज २’ हा खेळ फुकट असणार नाही, तो २९.९९ डॉलरांना एकदाच विकला जाईल आणि त्यात माणकांसारखी खरेदी असणार नाही. कारणे दोन प्रकारची दिली होती. एक रचनेचे : खऱ्या पैशांची खरेदी खेळात आली की सर्व तोल तिच्याभोवती फिरू लागतो. दुसरे नीतीचे : पहिल्या खेळात काही खेळाडूंनी हजारो डॉलर खर्च केले होते, आणि त्या सर्वांना ते परवडत असेल अशी खात्री रचनाकारांना वाटत नव्हती. जुलै २०१८ मध्ये नवा खेळ अपूर्ण अवस्थेत विक्रीस आला.

या निर्णयाकडे अर्थनिश्चयाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे महत्त्व लक्षात येते. हजारो डॉलरांचा खर्च हे विक्रेत्याच्या दृष्टीने सर्वांत जोरदार अभिप्राय-वाक्य होय. निंदेचे कितीही शब्द त्यापुढे फिके पडावेत. प्लेसॉरसने त्या खर्चाचा ‘खेळ आवडला’ असा सरळ अर्थ लावण्याचे नाकारले. खेळण्याची सवय जडल्यानंतर केलेली खरेदी आणि खेळण्यापूर्वी शांतपणे केलेली खरेदी यांत त्यांनी फरक केला. पहिलीत संमती किती आणि ओढ किती हे ओळखता येत नाही, दुसरीत येते. एकरकमी किंमत लावणे म्हणजे खेळाडूला आपला अभिप्राय निःसंदिग्ध शब्दांत, अगोदर देण्याची संधी देणे. फुकट खेळांची सवय असलेल्या वर्गाला ही किंमत जड वाटणार हे उघड होते. पण किमतीविषयीची तक्रार ही निदान वाच्यार्थाने घेता येण्याजोगी तक्रार असते.

समारोप

क्लिकर खेळाला मिळालेल्या प्रतिसादात परस्परविरोध दिसतो तो एकाच माणसाची दोन निरनिराळ्या श्रोत्यांशी झालेली दोन भाषणे एकाच जागी छापली जातात म्हणून. बाहेरच्या जगाशी बोलताना तो त्या जगाचीच निंदा प्रतिध्वनीसारखी परत करतो. सहखेळाडूंशी बोलताना हिशेब करतो. तासांची नोंद या दोहोंपैकी कोणाचाही निवाडा करू शकत नाही. अशा सामग्रीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने शिफारशी आणि तास यांची बेरीज-वजाबाकी करण्यापूर्वी प्रत्येक वाक्य कोणाला उद्देशून आहे, त्यातील निंदा मूळची कोणाची आहे आणि मोजमाप कशाचे आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यायोगे थट्टेला व्यसन समजण्याची चूक टळेल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हसणाऱ्यांच्या गर्दीत एखादा माणूस खरोखरच तक्रार करीत असेल, तर त्याचे म्हणणे ऐकू येईल.